तारकर्लीत स्कूबा: सगळी परीक्षा पहिल्या तीन मीटरांतच

तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी, निघालेला माणूस घाबरतो तो खोलीला. 'किती खोल नेणार?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. पण पहिल्या डाइव्हमध्ये जे काही बिघडतं, ते जवळजवळ सगळं पाण्याचा पृष्ठभाग आणि तीन मीटर यांच्या मध्येच बिघडतं. कान तिथेच ठणकतो, मास्कमध्ये पाणी तिथेच शिरतं, धाप तिथेच लागते आणि 'मला वर घ्या' असा हातही तिथूनच वर होतो. त्याखाली पोचलेला माणूस सहसा रमतो. म्हणून इथे मुख्यतः त्या तीन मीटरांबद्दल लिहायचं आहे, आणि तिथवर नीट पोचण्यासाठी आधीपासून काय सांभाळायचं त्याबद्दल.

कारण साधं आहे. समुद्रसपाटीला आपल्या अंगावर साधारण एक बार दाब असतो आणि समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक बार वाढतो. पृष्ठभागावरून तीन मीटर खाली गेलात की दाब १.३ बार होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा जवळजवळ पाव हिश्शाने आकसते. २० मीटरवरून २३ मीटरवर गेलात तर तीच हवा अवघी अकराव्या हिश्शाने आकसते. अंतर तेवढंच, पण शरीराला सोसावा लागणारा फरक सुरुवातीला कितीतरी मोठा. आणि नुसत्या तोंडाने श्वास घ्यायची सवयही त्या वेळी अजून झालेली नसते.

तारकर्ली मालवणच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मधे सुरूची झाडं आणि त्यांच्या सावलीत एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) निवास. तिथून पुढे देवबागकडे जमिनीची ही पट्टी चिंचोळी होत जाते आणि खाडी समुद्राला मिळते तिथे संपते. शांतता हवी असेल तर दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेले शनिवार-रविवार टाळा. मंगळवार ते गुरुवार हे दिवस उत्तम. गर्दी कमी असली की प्रशिक्षकाला पुढच्या गटाची घाई नसते, आणि घाई नसणं हीच नवख्यासाठी सर्वांत मोठी सोय आहे. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ स्टेशन सोयीचं. विमानाने यायचं तर चिपीचा विमानतळ २०२१ पासून आहे.

नवख्यांच्या बहुतेक डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर होतात. खोली साधारण तीन ते आठ मीटर. त्याहून दूर, निवती आणि वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांपाशी पाणी खोल आहे आणि प्रवाहही जोराचे आहेत, त्यामुळे ते काम सर्टिफिकेट असलेल्यांचं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा मोठा उंचवटा आहे, आंग्र्यांच्या नावाचा. तिथे जाणं म्हणजे मोहीमच. पहिल्या डाइव्हसाठी किल्ल्याजवळचे खडक पुरेसे आहेत.

कधी जायचं

पावसाळ्यात इथली जलक्रीडा बंद असते. मे संपता संपता बंदी सुरू होते ती ऑगस्ट अखेरपर्यंत. सप्टेंबरात कागदोपत्री मोकळीक मिळाली तरी नद्यांचा गाळ अजून बसलेला नसतो, पाणी चहासारखं असतं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ते निवळायला लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. चांगल्या दिवशी सहा-आठ मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, वाईट दिवशी दोन-तीन मीटर. अंदमान किंवा लक्षद्वीपचे फोटो डोळ्यासमोर ठेवून इथे येऊ नका. हा खाड्यांचा किनारा आहे, इथलं पाणी हिरवट असतं आणि त्यात भरपूर जीव पोसले जातात म्हणूनच ते तसं असतं. पाण्याचं तापमान साधारण २६ ते २९ अंश, त्यामुळे तीन मिलिमीटरचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) पुरतो. तोही उबेपेक्षा खरचटण्यापासून बचावासाठी जास्त उपयोगी.

दिवस ठरवताना कॅलेंडरवर सुट्टीबरोबर तिथीही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाची वाळू उठते आणि ओहोटीला खाडीचा गढूळपणा बाहेर येतो. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असते, तेव्हा प्रवाह मंद. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ निघते. एकादशीला अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. हा हिशेब मुंबईच्या आसपास जुळतो. मालवणात भरती त्याच्या आधी येते, कारण आपल्या किनाऱ्यावर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. दोन्ही गोष्टी जुळवल्या तर दशमी ते द्वादशी हे दिवस चांगले निघतात: प्रवाह अजून मंद आणि सकाळी समुद्राचं नितळ पाणी आत आलेलं. नेमकी वेळ बोटीच्या तांडेलाला विचारा, तो तुम्हाला कुठल्याही ॲपपेक्षा बरोबर सांगेल.

वेळ सकाळचीच घ्या. सकाळी वारा जमिनीकडून येतो, हा मतलई वारा पाणी शांत ठेवतो. अकरा-बारानंतर खारा वारा सुटतो आणि पाण्यावर आखूड, चिडक्या लाटा उठतात. पाण्याखाली त्यांचा त्रास नाही, पण बोटीवर आणि शिडीपाशी आहे. सात ते दहामधली फेरी मागून घ्या.

बोटीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. म्हणजे डाइव्ह संपून सगळे वर आले होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात दूरवरच्या वादळी वाऱ्यांच्या लाटा किनाऱ्याशी येऊन उंच होतात, आकाश निरभ्र असलं तरी. म्हणून बोटीत बसताना लाइफ जॅकेट बक्कल लावून घाला, बसायच्या जागेवर ठेवू नका. माणसं जास्त वाटली तर उतरा. मेच्या १५ तारखेनंतर स्कूबाचा बेत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आदल्या दिवशी

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. यात तडजोड नाही. कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी सर्दीत सुजते आणि मग कानात हवा भरता येत नाही. 'गोळी घेऊन उतरतो' हा मार्ग त्याहून वाईट. गोळीचा असर पाण्याखाली असतानाच ओसरला तर वर येताना फुगलेली हवा कानात अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

दमा, फिट्स, हृदयविकार, छातीत फुफ्फुसाभोवती हवा शिरून ते पूर्वी कधी मिटलेलं असणं, कानाचं ऑपरेशन, नुकतीच झालेली कुठलीही शस्त्रक्रिया, गरोदरपण, गोळ्यांवर असलेला रक्तदाब किंवा मधुमेह, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. गरोदर असाल तर उतरायचंच नाही. किनाऱ्यावर एक छापील फॉर्म देतात आणि 'इथे सही करा' म्हणतात. तो वाचा. त्यातला प्रत्येक प्रश्न कुणाच्या तरी अपघातातून आलेला आहे. फॉर्मच देत नसतील तर तिथे डाइव्ह करू नका.

रात्री दारू नको आणि जागरणही नको. मालवणात येऊन सुरमईचं ताट टाळा असं कोणी म्हणणार नाही, पण ते डाइव्हनंतर. सकाळी दोन तास आधी हलकं खा. उकड्या तांदळाची पेज किंवा दोन घावणे एवढं बरोबर बसतं. रिकाम्या पोटी बोट जास्त लागते. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी आधी एखाद्या दिवशी घरी घेऊन बघावी. काही गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत पाण्याखाली जाणं धोक्याचं. पाणी मात्र भरपूर प्या.

बोटीत बसण्यापूर्वी

प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारा. पाण्यात माझ्याबरोबर किती जण असतील? बोटीवर ऑक्सिजनचा किट आहे का? तुमचं सर्टिफिकेट कुठल्या पातळीचं आहे? आंतरराष्ट्रीय नियमांत एका प्रशिक्षकामागे चार नवख्यांपर्यंत मुभा मिळते, पण चार मीटर दिसणाऱ्या पाण्यात ती कामाची नाही. मालवणात एकास एक हाच नियम धरा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

पाठीवरच्या सिलिंडरला सगळे 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात. त्यात ऑक्सिजन नसतो, आपण घेतो तीच हवा असते, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरून झटके आणू शकतो. किटमधला ऑक्सिजन वेगळा, तो बोटीवर प्रथमोपचारासाठी. हवा भरताना कॉम्प्रेसरचं तोंड इंजिनाच्या धुराजवळ असेल तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. म्हणून रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं उपकरण) तोंडात घेऊन बोटीवरच दोन-तीन श्वास घ्या. तेलकट चव किंवा जळका वास आला तर तो सिलिंडर नको म्हणा. सिलिंडरच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते, तीही बघायला हरकत नाही.

नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा असतो. २०० बारला भरला की त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. शेवटचे ५० बार राखीव, म्हणजे वापरायला १,६५० लिटर. शांत माणूस मिनिटाला २० लिटरच्या आसपास हवा घेतो. पाच मीटरवर दाब दीडपट, म्हणून ३० लिटर लागते आणि सिलिंडर ५५ मिनिटं पुरतो. दहा मीटरवर तोच ४१ मिनिटं. घाबरलेला माणूस दुप्पट हवा ओढतो. पर्यटकांची डाइव्ह दहा-पंधरा मिनिटांचीच असते, त्यामुळे हवा संपण्याची काळजी सहसा नसते. तरीही सिलिंडरमधला दाब दाखवणारं गेज कुठे आहे ते बघून ठेवा आणि उतरताना काटा कुठे होता ते लक्षात ठेवा.

सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटर बसतो तिथे एक लहान रबरी ओ-रिंग असते. सुं-सुं आवाज येत असेल तर बहुधा तीच चिरलेली किंवा वाळूने खराब झालेली. पाच मिनिटांत बदलता येते, बदलायला लावा. पिवळ्या नळीचा दुसरा रेग्युलेटर म्हणजे ऑक्टोपस, एखाद्याची हवा अडली तर दुसऱ्याने द्यायचा. अंगातलं जॅकेट म्हणजे बीसीडी. त्यात हवा भरली की तरंगतो, सोडली की बुडतो. पहिल्या डाइव्हला त्याची बटणं प्रशिक्षकच सांभाळतो. तुम्ही हात लावू नका.

कमरेच्या शिशाच्या वजनाबद्दल मात्र बोला. पूर्ण तयारीत, जॅकेट रिकामं करून, नेहमीसारखा श्वास छातीत असताना पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. श्वास सोडला की डोकं हळूच बुडलं पाहिजे. सिलिंडर भरलेला असेल तर त्यावर दोनेक किलो जास्त, कारण हवा संपत जाते तसा तो हलका होतो. घाईच्या ठिकाणी नवख्याला सरसकट जास्त शिसं बांधतात, पटकन खाली जावा म्हणून. पटकन खाली जाणं हेच कानाचं दुखणं.

आता मास्क. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं आणि आतला दाब भरून काढता येत नाही, डोळे ओढले जातात. मास्कमध्ये नाक आत असतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलकेच हवा ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली एकही केस जाता कामा नये. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडं पाणी येतंच. नाकाखालची अर्धा सेंटिमीटर मिशी आदल्या रात्री कातरली तर फरक पडतो. पट्टा घट्ट आवळू नका, त्याने रबराची कड दुमडते आणि पाणी जास्तच शिरतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून पाण्याने विसळा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधी फोनवर विचारा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मात्र मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटून घ्यायचे.

खुणा पाठ करा, आणि एक खूण विसरा. आपण सगळे 'छान' म्हणायला अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. खूश होऊन अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक थेट वर आणतो आणि त्याची डाइव्ह तिथेच संपते. 'ठीक' म्हणायला अंगठा आणि तर्जनी यांचं गोल. हाताचा पंजा पालथा करून डुगडुगवला की 'काहीतरी बिघडलंय', मग जिथे बिघडलं तिथे बोट.

ते तीन मीटर

पाण्यात उतरल्यावर लगेच खाली जाऊ नका. शिडी किंवा दोर धरून, फक्त चेहरा पाण्यात घालून एक-दोन मिनिटं श्वास घ्या. मेंदूला पटायला तेवढा वेळ लागतो. चेहऱ्यावर पाणी आणि नाक बंद, हे एकत्र आलं की शरीर आपोआप श्वास रोखतं. ही भित्रेपणाची खूण नाही, सगळ्यांना होतं. त्यावर उपाय म्हणजे श्वास सोडण्याकडे लक्ष देणं. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. भराभर उथळ श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि हवा मिळत असूनही गुदमरल्यासारखं वाटतं. लांब उच्छ्वासाने तो बाहेर पडतो आणि ती भावना आपोआप ओसरते. आदल्या संध्याकाळी कमरेइतक्या पाण्यात नुसता मास्क आणि स्नॉर्कल (तोंडाने श्वास घ्यायची नळी) लावून दहा मिनिटं सराव केला असेल तर हा टप्पा फार सोपा जातो. तेवढा एकच सराव करायला जमत असेल तर तो करा.

मग उतरणं. पाय खाली, डोकं वर, दोराला धरून. कान साफ करण्याची सुरुवात पृष्ठभागावरच करा: मास्कच्या रबरावरून नाक चिमटीत धरा, तोंड मिटलेलं, आणि नाकातून हलकीशी फुंकर. कानात बारीक 'टक्' होतं. दर अर्ध्या मीटरला हे करा, दुखायची वाट न बघता. याचं कारण असं की ती नळी घशाच्या बाजूला मऊ पडद्यासारखी असते. बाहेरचा दाब थोडा जास्त झाला तर फुंकरीने ती उघडते. दुखेपर्यंत थांबलात तर दाबाने ती चिकटते आणि मग कितीही फुंका, उघडत नाही. जोराने फुंकलात तर आतल्या कानाला इजा होऊ शकते, ती कायमचीही असते.

कान दुखलाच तर कानाकडे बोट दाखवा आणि अर्धा-एक मीटर वर या. तिथे नळी सैल होते, पुन्हा हलकी फुंकर किंवा नाक धरून गिळणं. एकच कान अडत असेल तर मान अशी कलती करा की अडलेला कान वर येईल, त्या बाजूची नळी ताणली जाऊन उघडते. तीन-चार प्रयत्नांत नाही जमलं तर डाइव्ह सोडा. पैसे गेले तर गेले. पडदा फाटला तर कोमट कानात अचानक गार पाणी शिरतं, तोल जातो, वर-खाली कळत नाही.

दुसरा नियम हा स्कूबाचा पहिला नियम आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. तीन मीटरवर छाती भरून हवा घेतली आणि ती रोखून वर आलात तर ती हवा १.३ पट होऊ पाहते. फुफ्फुस आधीच भरलेलं असतं, त्याला ताणायला जागा नसते. ते फाटून हवा रक्तात शिरू शकते. उथळ पाण्यात घाबरून श्वास धरून वर झेपावणं हे म्हणून खोल जाण्यापेक्षा धोक्याचं. वर यायचं तर फुगे सोडत, शांतपणे, प्रशिक्षकाबरोबर.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर वर झेपावायची गरज नसते. मान थोडी वर करा, मास्कची वरची कड बोटांनी कपाळाला दाबा आणि नाकातून लांब श्वास सोडा. हवा वर साचते, पाणी खालच्या कडेने निघून जातं. मास्क चेहऱ्यावर दाबला गेल्यासारखा वाटला तरी उपाय तोच, नाकातून थोडी हवा आत सोडणं. ते विसरलं तर दुसऱ्या दिवशी डोळे लालभडक दिसतात. रेग्युलेटर तोंडातून सुटला तर बारीक फुगे सोडत राहा, तो पुन्हा तोंडात घ्या, आधी जोरात फुंकून पाणी बाहेर काढा आणि मगच श्वास ओढा. फुंकायला हवा उरली नसेल तर रेग्युलेटरच्या मधलं बटण दाबायचं, ते पाणी उडवून देतं. फटीतून खारं पाणी येत असेल तर बहुतेक वेळा ओठ सैल सुटलेले असतात. दातांनी हलकं धरायचं, ओठांनी मिटायचं. जबडा आवळू नका, डोकं दुखतं.

खाली गेल्यावर

इथवर नीट आलात की पुढचं सगळं समुद्रच करतो. वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात, म्हणून हात लांबवून अंदाज घेऊ नका. पाच मीटरखाली लाल रंग विझू लागतो, सगळं निळं-हिरवं दिसतं. प्रशिक्षकाने टॉर्च लावला की तोच करडा खडक तांबडा, जांभळा होतो. बोटीच्या इंजिनाचा आवाज चोहीकडून आल्यासारखा वाटतो, कारण पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि दिशा कळत नाही.

काळ्या उभ्या पट्ट्यांचे, पिवळसर पाठीचे मासे थव्याने येतात, ते सार्जंट मेजर. खडकाला चोच मारणारे पोपटमासे, फुलपाखरूमासे, कपारीत तोंड काढून बसलेली मोरे ईल, वाळूत दडलेलं पाकट, कधी तांबोशी, कधी एखादा गोबरा. प्रवाळ इथे फांद्यांच्या जंगलासारखे नाहीत. गोल दगडासारखे पोरायटिस, पाकळ्यांच्या वाटीसारखे टर्बिनारिया, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे फॅव्हायटिस. गाळ सोसू शकणाऱ्या जातीच या किनाऱ्यावर टिकल्या. पावसाळ्यानंतर खडकांवर सरगॅसम शैवालाचं तपकिरी रान माजतं, त्यात माशांची पिल्लं लपतात. ज्याला फक्त रंगीत मासे बघायचे आहेत तो या शैवालाला कचरा समजतो. जरा थांबून त्यात बघा.

मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकणं हा गुन्हा आहे. पण तोडण्याइतकंच नुकसान त्यावर उभं राहण्याने होतं, आणि फोटोसाठी ते रोज होतं. प्रवाळाची जिवंत त्वचा कागदासारखी पातळ असते. गोल दगडासारखा पोरायटिस वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. पाय ठेवायचाच तर वाळूवर, आणि वाळूही पायातल्या रबरी पंखांनी (फिन) उडवू नका, ती प्रवाळांवर जाऊन बसते.

पाव टाकून मासे गोळा करण्याची पद्धत इथे रूढ आहे, व्हिडिओ छान येतो म्हणून. ती थांबली पाहिजे. खडकावरचं शैवाल खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे पावाला सवकले की खडकावर शैवाल माजतं. शिवाय सवकलेले मासे बोटं चावतात. 'आम्हाला पाव नको' असं बोटीवरच सांगा. मागणी पर्यटकांची असते असं प्रशिक्षक म्हणतात, आणि ते खरंही आहे, म्हणून नकारही पर्यटकांकडूनच यायला हवा.

कशालाही हात लावू नका हे स्वतःसाठीही. लायनफिशचे काटे, पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतात. टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, तासभर ठेवायची. त्या विषातले पदार्थ उष्णतेने निकामी होतात आणि ठणका उतरतो. दवाखान्यात जायचंच, पण गरम पाणी आधी.

वर आल्यावर

कानात साध्या पाण्याने धार घाला, डोकं कलतं करून निथळू द्या. कापसाची काडी नको. थोडं बधिर, भरल्यासारखं वाटणं एखादा दिवस राहू शकतं. दुखणं, रक्त, चक्कर किंवा ऐकू कमी येणं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

ज्यांना गोडी लागली त्यांनी पुन्हा पुन्हा पंधरा मिनिटांच्या फेऱ्या करण्यापेक्षा ओपन वॉटर कोर्स करावा. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. कोर्सला तीन-चार दिवस लागतात: पुस्तकी भाग, बंदिस्त पाण्यातला सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. वय किमान १० वर्षं, २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे. त्यानंतर प्रौढांना १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं. पहिल्या डाइव्हला पोहता येण्याची अट नसते, कोर्सला असते.

शेवटची गोष्ट घरी जाण्याची. दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. तो पडायच्या आधी हवेचा दाब आणखी कमी झाला तर रक्तात, सांध्यांत त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर विमानाला किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा लागोपाठचे दिवस झाले असतील तर १८ तास थांबायचं. चिपीहून संध्याकाळचं विमान आणि सकाळी डाइव्ह, हा बेत चुकीचा. घाटाचाही विचार करा. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, कुठेही जायचं तरी आंबोली, फोंडा किंवा करूळसारखा घाट चढावाच लागतो आणि आंबोली सातशे मीटरच्या आसपास उंच आहे. पाच-सहा मीटरवरच्या एका पंधरा मिनिटांच्या फेरीनंतर गाडीने घाट चढण्यात फारसा धोका नाही. पण कोर्सच्या शेवटच्या दिवशी किंवा निवतीच्या खोल डाइव्हनंतर लगेच गाडी काढू नका, रात्र तारकर्लीत काढा आणि सकाळी निघा. तो उरलेला दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला द्या.

पुढच्या २४ तासांत सांधा दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, विलक्षण थकवा किंवा पायात बळ नसणं जाणवलं तर बोटीत हादरे बसले म्हणून असेल असं समजून सोडून देऊ नका. माणसाला आडवं झोपवून ऑक्सिजन द्यायचा आणि दवाखान्यात नेऊन 'काल स्कूबा केलं होतं' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण घाटमाथ्यावरच्या डॉक्टरांच्या ते मनातही येणार नाही. यावरचा उपचार दाबाच्या कक्षात होतो आणि तशी सोय मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. डाइव्ह संपली की खोली, मिनिटं आणि वर आल्याची वेळ एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.